शाळेचा छापखाना आणि परगांवचा वाचक



अलीकडे शिक्षणाविषयीं जेथें जेथें बोलणें निघतें, तेथें तेथें एक वाक्य हटकून ऐकूं येतें, कीं इंटरनेटनें शाळा बदलून टाकली. शिक्षकाच्या खिशांतल्या मोबाईलमध्यें आतां हजारों पाठ, चित्रें आणि व्याख्यानें येऊन बसलीं आहेत. एका जिल्ह्यांतला शिक्षक दुसऱ्या जिल्ह्यांतल्या, किंबहुना दुसऱ्या खंडांतल्या शिक्षकाशीं घरबसल्या बोलूं शकतो. आणि या सर्वांच्या साह्यानें त्यानें मुलांचें मन अभ्यासांत रमवावें, अशी अपेक्षा केली जाते. ही अपेक्षा योग्यच आहे. परंतु ही कल्पना संगणकाबरोबर जन्मास आली असें जें समजलें जातें, तें इतिहासास धरून नाहीं. दूरच्या शिक्षकाशीं संबंध जोडून आपल्या वर्गांत नवा प्राण आणण्याचा प्रयोग सुमारें शंभर वर्षांपूर्वीं टपालाच्या पिशवीवर आणि शिशाच्या खिळ्यांवर झाला होता. त्या प्रयोगाची हकीगत आज सांगावयाची आहे. कारण ती नीट समजली म्हणजे आजच्या साधनांपैकीं कोणतें मुलांच्या कामाचें आणि कोणतें नुसतें डोळे दिपविणारें, हें ओळखण्याची एक खूण हातीं लागते.

फ्रान्स देशाच्या आग्नेय कोपऱ्यांत, अत्तरांसाठीं प्रसिद्ध असलेल्या ग्रास शहराजवळ, डोंगराळ मुलखांत बार-स्यूर-लू नांवाचें एक खेडें आहे. तेथील दोनवर्गी शाळेंत १९२० सालीं सेलेस्तां फ्रेने नांवाचा एक तरुण शिक्षक रुजू झाला. त्याचा जन्म १८९६ सालीं त्याच मुलखांतल्या एका शेतकरी कुटुंबांत झाला होता. पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, त्याच्या फुप्फुसास जबर जखम झाली; जीव वांचला, पण श्वास कायमचा अधू झाला. तासन्‌तास उंच स्वरांत बोलून वर्ग ताब्यांत ठेवणें हा त्या काळचा सर्वमान्य मार्ग. तो आपणांस बंद झाला, म्हणून दुसरा शोधावा लागला, असें तो पुढें स्वतः सांगत असे.

दुपारीं तो मुलांस घेऊन शाळेबाहेर पडे. शेतें, ओढा, गांवांतल्या कारागिरांचीं कामें, जें जें दिसेल तें मुलांनीं पाहावें. परत आल्यावर तें बोलून दाखवावें आणि त्यानें तें फळ्यावर लिहून घ्यावें, असा क्रम सुरू झाला. मुलांनीं लावलेली गोगलगायींची शर्यत हासुद्धां एके दिवशीं पाठाचा विषय झाला. स्वतःच्याच तोंडचीं वाक्यें फळ्यावर पाहून मुलें तीं मोठ्या आवडीनें वाचीत. परंतु सायंकाळीं फळा पुसला कीं सर्व संपे. दुसऱ्या दिवशीं पुन्हां पाठ्यपुस्तक उघडावें, आणि त्यांत मुलांनीं कधीं न पाहिलेल्या जगाचीं कोरडीं वाक्यें असावींत. फळ्यावरचे शब्द टिकवावे कसे, या विवंचनेंतून त्यानें १९२४ सालीं हातानें चालविण्याचें एक लहानसें छपाईयंत्र मिळविलें आणि तें वर्गांत आणून ठेवलें.

या यंत्राचें काम कसें चाले, तें थोडें सांगितलें पाहिजे. शिशाचे खिळे एकेक उचलून मुलगा ते पट्टीवर उलट्या क्रमानें जुळवी. एक ओळ एका मुलाची, दुसरी दुसऱ्याची. ओळी चौकटींत आवळल्या म्हणजे कोणी शाईचा रूळ फिरवी, कोणी कागद ठेवी, कोणी दाब देई आणि कोणी ओलीं पानें वाळत घाली. एक अक्षर चुकलें कीं तीच चूक सर्व प्रतींत उमटे; म्हणून शुद्धलेखनाची काळजी मुलें आपण होऊन घेऊं लागलीं. शिक्षकाच्या तांबड्या शाईनें जें साधत नव्हतें, तें खिळ्यांनीं साधलें. खडूफळ्याजवळ आयुष्य घालविलेल्या माणसास हें पटवून द्यावें लागत नाहीं. चुकीबद्दल शिक्षा होईल या भीतीनें मूल जितकें सावध होतें, त्याहून आपली चूक लोकांस दिसेल या जाणिवेनें तें कितीतरी अधिक सावध होतें.

पण येथें एक अडचण उभी राहिली, आणि तीच माझ्या विषयाची गुरुकिल्ली आहे. छापलेलीं पानें वाचावयाचीं कोणीं? ज्या मुलानें मजकूर सांगितला, त्याला तो ठाऊक. ज्या सोबत्यांनीं जुळविला, त्यांना तो पाठ. आईबापांस त्यांत नवें कांहीं नाहीं. वाचक नसलेला छापखाना हें लवकरच खेळणें झालें असतें. फ्रेने आपल्या प्रयोगाविषयीं शिक्षकांच्या नियतकालिकांत लेख लिहीत असे, आणि हळूहळू इतर ठिकाणचे शिक्षक त्याच्याशीं पत्रव्यवहार करूं लागले. त्यांपैकीं रने दानिएल हा ब्रिटनी प्रांतांत, फ्रान्सच्या अगदीं दुसऱ्या टोंकास, अटलांटिक महासागराच्या काठीं त्रेगंक येथें शिकवीत असे. त्यानेंही यंत्र घेतलें. मग डोंगरांतल्या शाळेचीं पानें समुद्राकडे आणि समुद्राकडचीं डोंगराकडे टपालानें नियमानें जाऊं लागलीं.

याचा परिणाम काय झाला असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं. डोंगरांतल्या मुलास भरती-ओहोटी ठाऊक नव्हती, आणि कोळ्याच्या मुलास आपल्या डोळ्यांसमोरच्या नित्याच्या गोष्टीविषयीं कोणी प्रश्न विचारील, हें स्वप्नांतही आलें नव्हतें. आपल्या अंगणांतली वस्तु परक्यास समजावून सांगावयाची म्हणजे ती प्रथम आपण नीट पाहावी लागते, मोजावी लागते, वडिलधाऱ्यांस विचारावी लागते. भूगोल, इतिहास, गणित आणि भाषा हे चारही विषय त्या एका पत्रांत आपोआप येऊन बसतात. निबंध लिहा म्हटलें कीं जें मूल दोन ओळींवर अडतें, तें मूल परगांवच्या मित्राला चार पानें लिहितें. कारण निबंध शिक्षकासाठीं असतो, आणि शिक्षकाला तर सर्व ठाऊकच असतें. मुलाच्या मनांत लिहिण्याची इच्छा उत्पन्न झाली ती यंत्रामुळें झाली असें वरवर दिसतें. वस्तुतः ती दुसऱ्या टोंकास बसलेल्या, खरोखर उत्सुक असलेल्या वाचकामुळें झाली. आणि हा वाचक मिळाला तो दोन शिक्षकांची ओळख झाल्यामुळें.

या ओळखीचें रूपांतर लवकरच संघटनेंत झालें. १९२७ सालीं तूर शहरीं या छपाईवाल्या शिक्षकांचें पहिलें संमेलन भरलें. त्याच सुमारास मुलांच्या निवडक लेखांचें 'ला जेर्ब', म्हणजे 'पेंढी', नांवाचें नियतकालिक निघालें. अनेक शेतांतलीं कणसें एकत्र बांधावींत, तसे अनेक शाळांतले लेख त्यांत एकत्र बांधलेले असत. शिक्षकांनीं आपली सहकारी संस्था काढून यंत्रें, खिळे आणि कागद एकमेकांस पुरविण्याची व्यवस्था केली. १९३२ पासून या संस्थेनें लहान लहान माहितीपुस्तिकांची माला सुरू केली. एखाद्या शिक्षकानें एका विषयावर मजकूर तयार करावा, तो दुसऱ्या कांहीं वर्गांकडे पाठवावा, तेथील मुलांस काय कळलें आणि काय कळलें नाहीं तें पाहून दुरुस्त करावा, आणि मगच छापावा, अशी पद्धति या मालेच्या कामांत रूढ झाली. आज ज्याला आपण 'शैक्षणिक साहित्याचें भांडार' म्हणतों, तें येथें शिक्षकांनीं आपल्या हातांनीं उभें केलें होतें, आणि त्यांतली प्रत्येक वस्तु मुलांच्या कसोटीवर घांसून घेतलेली होती.

अशा कामास विरोध झाल्यावांचून राहात नाहीं. फ्रेने १९२८ सालीं साँ-पोल या गांवच्या शाळेंत गेला होता. १९३२ च्या अखेरीस तेथें त्याच्याविरुद्ध भिंतींवर पत्रकें लागलीं. एका मुलानें आपल्या स्वप्नाविषयीं लिहिलेला आणि वर्गानें छापलेला मजकूर पुढें करून, हा शिक्षक मुलांस बिघडवितो, असा बोभाटा करण्यांत आला. १९३३ सालीं शाळेभोंवतीं विरोधकांचा जमाव जमला, आणि शेवटीं त्याला ती शाळा सोडावी लागली. १९३५ सालीं त्यानें व व्यवसायानें शिक्षिका असलेली त्याची पत्नी एलीझ हिनें जवळच्याच व्हांस गांवीं स्वतःची शाळा चालू केली. १९४० सालीं त्याला स्थानबद्ध करण्यांत आलें. एवढें होऊनही चळवळ मोडली नाहीं. कारण ती एका माणसाच्या शाळेंत राहिली नव्हती, टपालाच्या मार्गानें शेंकडों खेड्यांत पोंचली होती. फ्रेने १९६६ सालीं व्हांस येथेंच निवर्तला.

शेजारच्या स्पेन देशांत मात्र याच छापखान्याची किंमत एका शिक्षकास प्राण देऊन मोजावी लागली. आंतोनी बेनाइजेस हा कातालोनियांतला तरुण शिक्षक १९३४ सालीं बुर्गोस प्रांतांतल्या बान्युएलोस दे बुरेबा या आडवळणाच्या खेड्यांत आला. फ्रेनेच्या पद्धतीनें त्यानें मुलांकडून लहान लहान चोपड्या लिहवून आणि छापवून घेतल्या, आणि त्या इतर शाळांकडे पाठविल्या. त्यांतली एक चोपडी १९३६ सालची. तिचा विषय समुद्र. आणि लिहिणारीं मुलें अशीं, कीं त्यांनीं समुद्र कधींच पाहिला नव्हता. तो किती खोल असेल, त्याचें पाणी कसें असेल, हें प्रत्येकानें आपल्या कल्पनेनें लिहिलें. सुटींत तुम्हांला समुद्र दाखवीन, असें त्यानें मुलांस वचन दिलें होतें. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत यादवी युद्ध पेटलें. बंडखोर पक्षाच्या लोकांनीं त्याला पकडलें आणि गोळ्या घालून ठार केलें. मुलांची समुद्राची सफर झाली नाहीं. परंतु ती चोपडी उरली. तिच्यावरून लोकांनीं त्या शिक्षकाचा पुन्हां शोध घेतला, आणि २०२३ सालीं त्याच्यावर चित्रपटही निघाला. मुलांस स्वतःचे शब्द देणें आणि ते शब्द गांवाबाहेर पाठविणें ही गोष्ट कांहीं सत्ताधाऱ्यांस किती धोक्याची वाटते, हें यावरून दिसून येईल.

महायुद्धानंतर ही पद्धति इटलींत रुजली. तेथें १९५१ सालीं शिक्षकांची एक सहकारी चळवळ सुरू झाली, आणि तिच्यांतला मारिओ लोदी हा व्हो नांवाच्या खेड्यांत शिकवीत असे. १९६३ सालीं तो फ्लॉरेन्सच्या उत्तरेस डोंगरांतल्या बार्बियाना येथें लोरेंझो मिलानी या धर्मगुरूची शाळा पाहावयास गेला. शेतकऱ्यांचीं, सरकारी शाळेंत नापास ठरलेलीं मुलें तेथें शिकत. लोदीनें आपल्या मुलांच्या पत्रव्यवहाराची गोष्ट सांगितली, तेव्हां बार्बियानाच्या मुलांनीं त्याच्या वर्गास पत्र लिहावयाचें ठरविलें, आणि तें सर्वांनीं मिळून लिहिलें. प्रत्येकानें सुचेल तें चिठ्ठीवर टिपावें, एका चिठ्ठीवर एकच विचार. मग सर्व चिठ्ठ्या पसरून सारख्या विचारांच्या एकत्र कराव्या, क्रम लावावा, आणि अनावश्यक शब्द काढून टाकावे, अशी लिहिण्याची रीत त्यांतून घडत गेली. याच रीतीनें आठ मुलांनीं पुढें एक संबंध पुस्तक लिहिलें. गरिबांच्या मुलांस नापास करून घालवून देणाऱ्या शाळाव्यवस्थेवरचें 'एका शिक्षिकेस पत्र' हें पुस्तक १९६७ सालीं प्रसिद्ध झालें, आणि पुढच्याच महिन्यांत मिलानी वारला. मराठींत तें 'प्रिय बाई' या नांवानें आलें आहे, आणि आपल्या कित्येक शिक्षकांनीं तें वाचलें आहे. दोन शिक्षकांच्या एका भेटीचें हें फळ होय.

आतां संगणकाकडे येऊं. १९८५ सालीं डेनिस सेयर्स, क्रिस्टिन ब्राउन आणि एनिद फिगेरोआ या तीन शिक्षणतज्ज्ञांनीं 'दे ओरिया आ ओरिया', म्हणजे 'या तीरापासून त्या तीरापर्यंत', नांवाचा उपक्रम सुरू केला. अमेरिकेंत आलेल्या स्पॅनिश भाषी कुटुंबांतल्या मुलांचे वर्ग पोर्तो रिको व मेक्सिको येथील वर्गांशीं त्यांनीं संगणकाच्या तारेनें जोडले. आपला कित्ता फ्रेनेचा आहे हें त्यांनीं स्पष्टपणें नमूद केलें आहे. तारेनें पत्रें जात असतांही टपालानें वस्तूंचीं पुडकीं पाठविण्याची जुनी चाल त्यांनीं सोडली नाहीं. मुलांनीं घरच्या माणसांकडून म्हणी गोळा करून एकमेकांस कळवाव्या, असाही एक उपक्रम त्यांत झाला. त्यामुळें जी भाषा शाळेंत बोलण्यास मुलांस संकोच वाटे, तीच भाषा शाळेंत उपयोगाची ठरली, आणि अशिक्षित आजी ही माहितीचा ठेवा ठरली. १९८८ सालीं न्यूयॉर्क राज्यांतल्या बारा आणि मॉस्कोंतल्या बारा शाळा अशाच जोडल्या गेल्या. दोन महासत्तांचें वैर अद्याप संपलें नव्हतें, तेव्हांची ही गोष्ट. २००५ सालीं युरोपीय संघानें 'ई-ट्विनिंग' ही योजना काढली. तिच्यांत दोन देशांतल्या दोन शिक्षकांनीं एकत्र येऊन उपक्रम मांडावा, असा मूळ संकेत होता. यंत्र आधीं आणि माणूस नंतर हा क्रम या तिन्ही ठिकाणीं कटाक्षानें टाळलेला दिसतो.

आपल्या प्रांतांतही शिक्षकांनीं शिक्षकांस शोधल्याचा इतिहास आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं भावनगरास नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला, आणि १९३३ सालीं ताराबाईंनीं मराठी 'शिक्षणपत्रिका' सुरू केली. एखाद्या लहान गांवीं मारझोड न करतां शिकवूं पाहणाऱ्या शिक्षकास गांव वेडा म्हणत असतां, आपण एकटे नाहीं, एवढें तरी त्या पानांवरून त्याला कळत असे. याच परंपरेंत ताराबाईंनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारलें, आणि अनुताई वाघांसारख्या सहकारी त्यांस तेथें लाभल्या. अलीकडचें उदाहरण सोलापूर जिल्ह्यांतल्या परितेवाडीचें आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेंतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापून त्यांतून कविता, गोष्टी आणि पाठ मुलांस ऐकावयास व पाहावयास मिळण्याची सोय केली, आणि परस्परांत वैर असलेल्या देशांतल्या तरुण मुलांस एकमेकांशीं बोलतें करण्याचा उपक्रमही चालविला. ३ डिसेंबर २०२० रोजीं त्यांस दहा लक्ष डॉलर्सचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, तेव्हां अंतिम फेरींतल्या इतर नऊ शिक्षकांस त्यांतली निम्मी रक्कम वांटून देत असल्याचें त्यांनीं सांगितलें. पुष्कळांस त्यांतलें औदार्यच तेवढें दिसलें. मला त्यांत फ्रेनेच्या सहकारी संस्थेचाच विचार दिसतो, कीं शिक्षकाचें काम एकट्यानें पुरें होत नाहीं.

त्याच २०२० सालीं साथीमुळें शाळा बंद झाल्या आणि सारा वर्ग मोबाईलच्या पडद्यावर आला. ज्या घरीं मोबाईल नव्हता, तेथलें मूल वर्गाबाहेर पडलें, हें दुःख तर मोठेंच. परंतु ज्या घरीं तो होता, तेथेंही पुष्कळदां काय झालें? कोणीतरी कोठेंतरी तयार केलेला पाठ शिक्षकाकडे आला. त्यानें तो गटावर टाकला. मुलानें पाहिला किंवा न पाहतांच 'पाहिला' म्हणून कळविलें. असा पाठ पुढें ढकलणाऱ्या शिक्षकाचें काम हरकाऱ्याहून निराळें राहात नाहीं. भांडार अफाट, परंतु त्यांत मुलाचा शब्द कोठेंच नाहीं. गटांत शिक्षक शेंकडों, परंतु एकमेकांच्या वर्गांत काय चाललें आहे, हें विचारणारा विरळा.

हा दोष यंत्राचा आहे, असें माझें म्हणणें नाहीं. टपालास जेथें आठवडा लागे, तेथें आतां क्षण पुरतो. खिळे विकत घेण्याचा खर्च राहिला नाहीं. चंद्रपूरच्या जंगलाकडचा वर्ग आणि मालवणच्या किनाऱ्यावरचा वर्ग यांची गांठ घालून देणें आज जितकें सोपें आहे, तितकें फ्रेनेस कधींच नव्हतें. म्हणूनच ती न घालणें हें आपल्याला अधिक लाजिरवाणें आहे. एखादें नवें साधन वर्गांत आलें म्हणजे शिक्षकांनीं आणि पालकांनींही तीन साधे प्रश्न विचारावे. यामुळें आमचें मूल कांहीं लिहितें, मोजतें, शोधतें काय, कीं नुसतें पाहतें? त्यानें जें केलें, त्याची खरोखर वाट पाहणारा कोणी दुसऱ्या टोंकास आहे काय? आणि त्या टोंकावरच्या शिक्षकाचें नांव आमच्या शिक्षकास ठाऊक आहे काय?

या तिहींचीं उत्तरें होकारार्थी असतील, तर साधन शिशाचें असो वा विजेचें असो, मुलाचें मन त्यांत रमेल. सुटीनंतर शाळा उघडेल तेव्हां प्रत्येक शिक्षकानें परक्या जिल्ह्यांतला एक तरी शिक्षक गांठून आपल्या वर्गाचें एक तरी पत्र त्याच्या वर्गास पाठवावें, आणि त्याचें उत्तर मुलांसमोर उघडावें, एवढीच विनंति करून हें भाषण पुरें करतों.